पिवळी रेघ

"पुन्हा चार बोटं प्ले!" खिडकीतून हात घालून मिस्त्रीने जुन्या पिकअपचं स्टिअरिंग हलवलं. पुढची चाकं मात्र जागची हलली नाहीत.

"सकाळी चांगली होती हो," रोपवाली म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानात रोपं उतरवली, आणि तिथून निघाले तर ही अशी."

लागोपाठ चौथा महिना. तिची सासू नेहमीसारखी गाडीतच बसून राहिली, मांडीवर जड पिशवी. म्हातारीचा जन्म ट्रकवाल्याच्या संसारात गेलेला, त्यामुळे बोलणं रोखठोक. "नीट बघ रे बाबा. आम्हाला घाई नाही."

घाई मिस्त्रीलाही नव्हती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि महिनाभर तो या खटाऱ्याच्या आवाजाकडे कान लावून असायचा. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक बाईला तो ताई म्हणे. रोपवालीला ताई म्हणायला त्याची जीभ कधी वळली नाही. तीही विधवा, तीही मितभाषी. दोघं टायरबद्दल बोलायची, ऊनपावसाबद्दल बोलायची, आणि गाडी निघून जायची. मग संध्याकाळ त्याला खायला उठायची.

त्याने मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. टाय रॉड, बॉल जॉइंट हलवून पाहिले. ठणठणीत. मग बॉनेट उघडलं, आणि स्टिअरिंग बॉक्सवरच्या नटाकडे पाहून तो थबकला.

नट आवळला की त्यावर पिवळी रेघ ओढायची, ही त्याची सवय. नट हलला तर रेघ तुटते. ती तुटली होतीच, शिवाय नटाच्या कडा पान्याने खरवडलेल्या होत्या.

म्हणजे हीच...?

चौदाचा पाना चार महिन्यांपासून बेपत्ता होता. काखेत कळसा नि गावाला वळसा नको म्हणून त्याने खिसे पुन्हा चाचपले, मग दुसऱ्याच पान्याने कसाबसा नट आवळला. त्यावर नवी रेघ ओढली.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "हा खेळ जिवावर बेतेल. यायचं असेल तर गाडी न बिघडवता या. चहाला या. मी वाट बघतो. रोजच बघतो."

ती लाजेने लाल झाली. "मी बिघडवते? अहो, मला वाटायचं, तुम्हीच मुद्दाम नट सैल ठेवता!"

"मी?"

"आणि मला त्याचा कधी राग आला नाही," ती खाली बघत म्हणाली.

गाडीचं दार करकरलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच म्हातारी गॅरेजात खाली उतरली आणि तिने पिशवीत हात घातला.

"हा घे तुझा चौदाचा पाना, पहिल्या खेपेला आमच्या गाडीत विसरलेला," ती मिस्त्रीला म्हणाली. "आता मला लागणार नाही."