पूर्ण पाच हजार

आमचा खुन-फा पोटचा पोरगा, पण कंजूष असा की विचारू नका. महिन्याच्या महिन्याला ताओयुआनहून माझ्या खात्यावर पैसे पाठवायचा. ठरले होते पाच हजार. पण त्याची बँक वेगळी, माझी वेगळी, म्हणून पाठवणाऱ्याला वर पंधरा तैवानी डॉलर पडतात. ते तो माझ्या पैशांतूनच कापायचा. एका उकडलेल्या अंड्याची किंमत, तीही आईकडून वसूल.

या खेपेला पूर्ण पाच हजार आले. मी सुनेला फोन लावला.

"सिऊ-लान, खुन-फा कुठाय?"

"कामावर गेलेत, आई."

"मग पैसे कोणी पाठवले?"

"त्यांनीच."

"खोटं नको बोलूस. त्याने जन्मात ते पंधरा डॉलर पदरचे घातले नाहीत."

बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग म्हणाली, "आईला कळू देऊ नकोस, असं सांगून गेले."

आमच्यात आईच्या आधी जाणाऱ्या पोराला शिक्षा म्हणून त्याच्या शवपेटीवर आईने काठी मारायची असते. मी गेले. मारली.

"लपवायचंच होतं," मी त्याला म्हणाले, "तर बायकोला पंधरा डॉलर कापायला तरी शिकवून जायचंस."