लायलॅकची नळी

"या पेटीचे किती येतील तेवढंच सांगा, हर्शेल. मला एकटीपुरती जागा घ्यायची आहे," लोर्ना म्हणाली.

जागा म्हणजे कबरीची. तिच्या नवऱ्याच्या, एल्वुडच्या, कबरीवरच्या दगडावर तिचंही नाव कोरून ठेवलेलं होतं, फक्त तारीख भरायची बाकी होती. पण ज्याच्याशी तीस वर्षं अबोला धरला, त्याच्या शेजारी कायमचं पडायला ती तयार नव्हती. गावाबाहेरच्या दफनभूमीत वेगळी जागा अकराशे डॉलरला मिळत होती.

पिओरियाच्या जुन्या यंत्रांच्या बाजारात हर्शेलच्या शब्दाला मान होता. तो पेटी उलटसुलट करून बघत होता. पत्र्याची पेटी, वर आरसा, खाली चार पितळी नळ्या आणि नाणं टाकायची फट. एल्वुड गेल्यावर ती कोठारात पोत्याखाली सापडली होती. च्युइंगमचं यंत्र असेल, असं लोर्नाला वाटलं. एल्वुड गावोगावच्या यंत्रांत च्युइंगम आणि शेंगदाणे भरत फिरायचा. निदान घरी तसं सांगायचा.

मग एका वर्षी दर गुरुवारी त्याच्या शर्टाला लायलॅकच्या फुलांचा वास येऊ लागला. तोही डाव्या छातीवर, जिथे बाई डोकं टेकवते.

"हॉटेलात बायकांच्या प्रसाधनगृहात एक यंत्र बसवलंय, त्याचा वास आहे," तो म्हणाला.

"बायकांच्या प्रसाधनगृहात तुझं काय काम? आणि यंत्रं कधीपासून अत्तर लावायला लागली?"

तिने आपलं अंथरूण वेगळ्या खोलीत नेलं. दोन वर्षांनी वास थांबला. ती बाई याला सोडून गेली, असं लोर्नाने मनाशी धरलं. त्याच सुमारास एकदा एल्वुडने कोठारातून हाक मारली होती, "लोर्ना, जरा ये, तुला काही दाखवायचंय." ती भांडी घासत होती. गेली नाही. त्याने पुन्हा बोलावलं नाही.

"हे अत्तराचं यंत्र आहे," हर्शेल म्हणाला. "पण मला वाटतंय तेच असेल तर... थांबा, तळाशी थोडं अत्तर उरलंय." त्याने एक पेनी टाकली आणि दांडा ओढला. फवारा वर न जाता सरळ त्याच्या शर्टावर आला. डाव्या छातीवर.

हर्शेल खूश होऊन हसला. "तेच हे! नळी मुळातच वाकडी. भरणारा माणूस दर खेपेला असाच भिजायचा. कंपनीने दोन वर्षांत सगळी परत मागवली. अशी पाच-सहाच उरली असतील. चार हजार मागा."

लोर्नाने पुढे होऊन त्याच्या शर्टाशी नाक नेलं. तोच लायलॅकचा वास. चारचौघांचं भानही तिला राहिलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा तिला एल्वुड हवा होता, इतका हवा होता की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"गिऱ्हाईक बघू का?" हर्शेलने अवघडून विचारलं.

"विकायचं नाही." ती पेटी पुन्हा पोत्यात गुंडाळू लागली.

"मग तुमच्या जागेचं काय?"

"आहे की जागा," लोर्ना म्हणाली. "तो कधीचा हाक मारतोय."