खोली सोडण्याआधी

"बाई, उद्या सकाळी मी खोली सोडतोय. हरकत नसेल तर तुमच्याविषयी थोडं विचारायचं होतं."

बाबा वही उघडून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. भांग पाडलेला, कोटाचं बटण चुकीच्या काजात. समोर आई मटार सोलत होती. मुलगी दारात उभी राहून पाच महिन्यांच्या बाळाची पाठ थोपटत होती. ढेकर काही निघत नव्हती.

बाबांची ही जुनी रीत. परक्या शहरात खोली घ्यायची, चार-सहा महिने राहायचं आणि निघायच्या आदल्या दिवशी घरमालकिणीला समोर बसवून तिचा सगळा जन्म विचारून घ्यायचा. तेरा कादंबऱ्या अशाच झाल्या. तेराही घरमालकिणी त्यांत आहेत, आपापल्या गुडघेदुखीसकट. हे स्वयंपाकघर मात्र एकाही कादंबरीत नाही. आई प्रत्येक नवं पुस्तक आलं की आधी चाळून बघायची, मग कपाटात ठेवायची.

"बाबा, अहो, ही आई आहे आपली..."

"तू बाळाकडे बघ," आई म्हणाली. "मला विचारतायत ते."

डॉक्टरांनीही बजावलं होतंच, खोडून काढू नका. आठवण परत येणार नाही, नुसते घाबरतील. मुलगी पुन्हा बाळाची पाठ थोपटू लागली.

"यजमान काय करतात?"

"फिरतीवर असतात."

"कधीपासून?"

"भिंगरी पायाला बांधूनच जन्माला आलेत."

बाबा हसले, पेन चालू लागलं. "मुलंबाळं?"

"एक मुलगी. ती झाली तेव्हाही परदेशात होते. तार केली, तर उलट तार आली. सहावं प्रकरण संपत आलंय म्हणून."

"भलतेच गृहस्थ दिसतात!"

"नाही हो, माणूस वाईट नाही. ताटात काही टाकत नाहीत."

बाबांनी मान डोलावली. मग पेन थांबवून, अगदी मनापासून, त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही? तुमचा दिवस कसा जायचा?"

आईचा हात शेंगेतच राहिला. हा प्रश्न या घरात कुणी विचारल्याचं मुलीला आठवेना. तिनंही कधी विचारला नव्हता.

"दुपारी जिन्यात जाऊन बसायचे," आई म्हणाली. "पोस्टमन यायच्या वेळेला नाही हं. तो येऊन गेल्यावर. तो गेला की त्या दिवसापुरती कशाची वाट बघायची नसायची. मग तेवढा वेळ माझा."

पेन भराभर धावू लागलं. अखेर उतरतेय आई कागदावर, मुलीला वाटलं. बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती बाबांच्या पाठीमागे गेली आणि वाकून बघितलं.

अक्षर एकही नव्हतं. वळणावर वळण, रेघेवर रेघ, आधीच्या पानांवरही तेच. बघता बघता पेन कागदाची कड ओलांडून टेबलावर आलं आणि लाकडावरच चालत राहिलं. बाबांना ते कळलं नाही.

आईनं एका बोटानं वही सरकवली, पेनाखाली नेऊन ठेवली.

"तर पोस्टमन गेला की..." ती पुढे सांगू लागली, जरा सावकाश, लिहून घेणाऱ्याला सवड मिळावी अशी.