गवतातला वाघ

या, जरा पुढे सरका. भजनाला अजून वेळ आहे. तोवर कुरखेड्याकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो.

मोहाच्या झाडावर कॅमेरा बांधून झाला होता. वाघ दिसला की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. नागपूरचे दोन संशोधक, हर्षा आणि प्रफुल, हे कृत्रिम बुद्धीचं यंत्र घेऊन आले होते आणि खुशीत होते. चाचणीत ते एकदाही चुकलं नव्हतं. परवा वनखात्याचे साहेब येणार, यंत्र गावाच्या हवाली होणार.

गाव जमलं. अन्नपूर्णाबाई पुढेच बसली. गेल्या मोसमात याच झाडाखाली मोहाची फुलं वेचताना वाघानं तिच्या जावेला मारलं होतं.

"गवतातला वाघ दिसते का याले?" तिनं विचारलं.

"गवत कापून टाका," प्रफुल म्हणाला.

"झाडाखालचा पालापाचोळा जाळतो आमी. धूर रायते."

"जाळू नका."

"अन् झुंजुमुंजुले?"

"उजेडात या. नऊनंतर."

"नऊपर्यंत मोह वानरं खाऊन टाकतेत, भाऊ."

"ते आमच्या प्रकल्पात येत नाही, बाई. पण मोकळ्यावर, उन्हात वाघ उभा असेल, तर यंत्र चुकणारच नाही."

"मोकळ्यावरचा तं मलेबी दिसते."

बाया हसल्या. अन्नपूर्णाबाई हसली नाही. ती हर्षाकडे वळली. "पोरी, उद्या टोपली घे. माह्यासंगं चाल."

पहाटे हर्षा मोहाखाली वाकली. वाकलं की जमीन तेवढी दिसते. पाठ उघडी पडते. मागे गवत हललं. यंत्राचा हिरवा दिवा तसाच होता. वाघ नाही, असं तो सांगत होता. हर्षा टोपली टाकून पळाली आणि अन्नपूर्णाबाईला बिलगली.

गवतातून मोर निघाला. यंत्र बरोबर होतं.

"काऊन व पळाली?" अन्नपूर्णाबाईनं हळूच विचारलं. "तुह्यं यंत्र तं चुकत नाई."

हर्षानं साहेबांना फोन लावला. यंत्र अजून तयार नाही, परवा येऊ नका म्हणाली. मग शिडी चढून कॅमेऱ्याचं तोंड मोकळ्या जागेवरून गवताकडे फिरवलं.

प्रफुल वैतागला. "अगं, आता हे रोज चुकेल."

"चुकू दे. रोज शिकवू."

"अन् तोवर?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं.

हर्षानं यंत्राचा भोंगा सोडवून हातात घेतला आणि गवताकडे तोंड करून उभी राहिली. "तोवर मी आहे. तुम्ही वेचा."

यंत्र अजून शिकतंय. सकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या उभ्या पोरीची आठवण ठेवा.