पिंपावरची टकटक

माझे सासरे नाशिकला व्हिस्की गाळायचे. लाकडी पिंपावर बोटाने टकटक करून आत किती उरलीय ते सांगायचे. पोकळ वाजलं की म्हणायचे, "संपत आलं." कधी चुकले नाहीत.

ते गेल्यावर त्यांचं एक रिकामं पिंप आम्ही सिंगापूरला, यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. वर मनीप्लांट ठेवला. घराण्याचा वारसा तेवढाच.

परवापासून टकटक ऐकू येतेय. "वरच्यांचं रेनोव्हेशन असेल गं," माझा नवरा मनोहर म्हणाला.

आज नाश्त्याच्या वेळी पुन्हा आली. मी पिंपाला कान लावला. आत काहीच नव्हतं. आवाज माझ्या मागून येत होता.

वळून पाहिलं. मनोहर पाठमोरा बसून पोहे खात होता. प्रत्येक टकटकीसरशी त्याचा शर्ट पाठीवर बोटभर दबत होता.

आवाज पोकळ होता.