ताण नाही

"झोप लागते का?" बायकोने विचारलं.

"हो, छान लागते."

"अहो, इतक्या घाईने नका सांगू. चोराच्या मनात चांदणं, असं वाटतं. जरा आठवल्यासारखं करा, मग बोला."

त्याने छताकडे बघून आठवल्यासारखं केलं. "लागते की. पाठ टेकली की संपलं."

"हां, आता जमलं. आणि तो डावा हात खिशात ठेवा. थरथरतोय."

कचेरीत त्याला सगळे धीरोबा म्हणत. शहरातल्या एकोणीसशे लिफ्टांची देखभाल त्याच्या कंपनीकडे होती. लिफ्ट अडकली की आतला माणूस फोन करायचा आणि तो फोन धीरोबाच्या कानात वाजायचा. दुरुस्तीची माणसं अकरा. "घाबरू नका, माणूस निघालाय," हे वाक्य तो दिवसातून नव्वद वेळा म्हणायचा. माणूस बहुधा कुठूनच निघालेला नसायचा. पण धीरोबाचा आवाज असा मऊ, की अडकलेले लोक अंधारात उभे राहून त्याचेच आभार मानत.

चार महिन्यांपूर्वी एक म्हातारी बाई बोलता बोलता एकदम गप्प झाली. पुढची चाळीस मिनिटं धीरोबा मुक्या फोनला धीर देत बसला. बाई ठणठणीत निघाली. हात दुखला म्हणून तिने फोन तसाच चालू पिशवीत टाकला होता. पण त्या दिवसापासून धीरोबाचा हात हलू लागला आणि झोप उडाली. घरात कुकरची शिट्टी झाली तरी तो म्हणायचा, "घाबरू नका."

अशात कंपनीने समुपदेशक आणली. प्रत्येकाने जायचंच, असा हुकूम होता. यंदा माणसं कमी होणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"मन मोकळं करा, कंपनी आधार देईल म्हणे," शेजारच्या मेजावरचा टकलू म्हणाला. "अरे, कंपनी माणसाला एकदाच खांदा देते. तोही चौघांत मिळून."

"बाई चांगली आहे म्हणतात."

"असेल. गोदामातला कारकूनही चांगलाच होता. मागच्या वर्षी साहेबांना म्हणाला, 'आता सहन होत नाही.' तीन आठवड्यांत खुर्ची रिकामी. तुझी पन्नाशी आली, धीरोबा. तुला दारात तरी कोण उभं करेल?"

एवढ्यावर धीरोबाने ठरवलं: जीव गेला तरी चालेल, नोकरी जाता कामा नये. बायकोने आठ दिवस तालीम घेतली.

समुपदेशक बाई त्याच्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. खोलीत दोन खुर्च्या होत्या, पाण्याचा तांब्या होता, आणि फोन नव्हता. फोन नसलेल्या खोलीत आपण शेवटचे कधी बसलो होतो, हे त्याला आठवेना.

"तुम्ही बोलाल ते इथेच राहील," ती म्हणाली. "वर फक्त एक ओळ जाते. कामाचा ताण आहे की नाही, एवढीच."

"नाही," धीरोबा म्हणाला. मग बायको आठवली. त्याने छताकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, "नाही."

"दिवसाला किती फोन येतात?"

"दहा-बारा. कधी कधी तर आम्हीच लावून बघतो, चालू आहे ना म्हणून."

ती हसली. "जेवायला वेळ मिळतो?"

"जेवून वर डुलकी होते."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी घरचं. कचेरी आठवतही नाही."

तिने पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही दिवसभर लोकांना धीर देता. तुम्हाला कोण देतं?"

हा प्रश्न तालमीत नव्हता.

चार महिने साठलेलं सगळं धीरोबाच्या ओठांपर्यंत येऊन थांबलं. बाई वाट बघत होती. तिला खरंच ऐकायचं होतं, हे त्याला दिसत होतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तो पाणी प्यायला, उजव्या हाताने, आणि त्याने आपला तो मऊ आवाज काढला.

"मला कशाला लागतोय, ताई? मजेत आहे मी."

"परत यावंसं वाटलं तर जरूर या," ती म्हणाली, आणि तिने ती एक ओळ लिहिली.

तो जिन्याने उतरला. मधल्या मजल्यावर तोंडात रुमाल कोंबून दहा मिनिटं रडला, तोंड धुतलं आणि मेजाशी येऊन बसला.

"काय झालं?" टकलूने विचारलं.

"काय व्हायचंय?"

"शाब्बास, वाघा!"

पंधरा दिवसांनी साहेबांनी स्वतः येऊन त्याच्या हातात पाकीट ठेवलं. फोडायची हिंमत होईना. त्याने ते तसंच घरी नेलं.

"आणा इकडे. भित्रे कुठले!" बायकोने पाकीट फोडलं. पहिलीच ओळ वाचून तिचा चेहरा खुलला. "बघा! म्हटलं नव्हतं मी? ऐका. 'आपल्यावर कामाचा कोणताही ताण नाही, हे समुपदेशकांच्या अहवालावरून कळवण्यास आनंद वाटतो.'"

धीरोबाने चार महिन्यांत पहिल्यांदा पाय पसरले. "पुढे वाच."

"'सबब आपल्याला पुरेसे काम नाही असे सिद्ध होत असल्याने,'" बायको वाचत गेली, आणि तिचा आवाज बारीक होत गेला, "'आपले पद या महिनाअखेर रद्द करण्यात येत आहे.'"