चौडं भिंग

"चौडं भिंग लाव, चन्नबसप्पा. सगळं मावलं पायजे त्यात."

वीरप्पांनी हे पुन्हा सांगितलं तशी गिरिजाबाईंनी चन्नबसप्पाकडे पाहिलं. नळदुर्गाच्या बुरुजावर तिपाई उभी होती, तिच्यावर कॅमेरा. शेजारच्या उघड्या पेटीत दोन भिंगं होती. एक बुटकं, चौड्या नजरेचं. दुसरं लांबुळकं, दूरचं जवळ आणणारं.

वीरप्पा अणदूरचे कापडवाले. दुकानात लावायला किल्ल्यातल्या धबधब्याचा मोठा देखावा पाहिजे, असं एकाएकी त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी बायकोच्या मावसभावाला, सोलापूरच्या चन्नबसप्पा फोटोवाल्याला, बोलावून घेतलं. निजामी अमलात किल्ल्यावर कॅमेरा न्यायचा तर तहसीलदाराची इजाजत लागे. तीही स्वतः खेटे घालून आणली. ऐन श्रावणात, चालत्या धंद्यात दुकानाला कुलूप! वर गिरिजाबाईंना फर्मान सुटलं, "तू बी चल. इरकल नेस." ज्या माणसाने बायकोला कधी जत्रा दाखवली नाही, त्याला हे काय सुचलं कोण जाणे. स्वतःही नवाकोरा रुमाल डोक्याला बांधून निघाले होते, जणू धबधबाच त्यांना बघायला येणार होता. हातात एक गाठोडं होतं, त्याला मात्र कुणाला हात लावू देत नव्हते.

गिरिजाबाईंनी फारसा विचार केला नाही. त्यांना यायचंच होतं. कारण किल्ल्याखालच्या नदीच्या पलीकडच्या वस्तीत त्यांची महादेवी नांदत होती.

महादेवीने उत्तरेश्वर मास्तरांशी आपल्या मनाने, जातीबाहेर लग्न केलं. तेव्हा वीरप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरून शपथ घेतली होती, "आमच्यातलं कुणी तिच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय, आन् तिनं आमच्या उंबऱ्याला लावायचा न्हाय." वीरप्पांचा शब्द म्हणजे त्यांच्या कापडाचं माप. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही, मग गिऱ्हाईक रडो की हसो. घरात पुन्हा लेकीचं नाव निघालं नाही. लेक तुटली, असं गिरिजाबाई धरूनच चालल्या. नातू झाला तोही बांगड्या भरायला येणाऱ्या गजराबाईच्या तोंडून कळला.

या फेरीत त्यांनी एक चोरी केली होती. गजराबाईबरोबर लेकीला निरोप धाडला होता, की सोमवारी सकाळी लेकराला घेऊन पलीकडच्या काठाला उभी राहा. गजराबाईच्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या अणदूरला ठाऊक. पण या वेळी तिने देवाची आण घेतली होती. आणि चन्नबसप्पाला गिरिजाबाईंनी हळूच सांगितलं होतं, लांबचं भिंग आण रे बाबा. देखाव्याच्या कोपऱ्यात का होईना, लेकीचं तोंड येईल, नातवाचं येईल. त्या फोटोची एक प्रत देव्हाऱ्यामागे लपवून ठेवणार होत्या.

आणि आता हे चौड्यावर अडून बसले होते.

"दाजी, लांबचंच लावू की," चन्नबसप्पा म्हणाला. "चौड्यात पलीकडचं सगळं मुंगीएवढं येतंय."

"लांबच्यात किती मावतं?"

"थोडंच. पर ठसठशीत येतंय."

"थोडं घेऊन काय करू? आन् चौड्यात ठसठशीत पायजे असंल तर?"

"मग जवळ जावं लागतंय."

"हूं," वीरप्पा म्हणाले.

"अवो, त्यो म्हंतोय तर ऐका की," गिरिजाबाईंना राहवलं नाही. "त्येचा धंदा हाय त्यो."

"भाऊ म्हणून त्येची बाजू घेतीस व्हय?"

गिरिजाबाईंनी तोंड फिरवलं. त्यांनी नदीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती, कडेवर काहीतरी होतं. इथून ना तिचं तोंड दिसत होतं, ना लेकराचं. डोळे भरून आले ते त्यांनी पदराने टिपले, आणि वाऱ्याने पाणी आलं म्हणाल्या. वीरप्पाही कपाळावर हात धरून बराच वेळ त्याच बाजूला बघत राहिले. मग खाकरले.

"चौडं लाव. झालं बोलून."

चन्नबसप्पाने गिरिजाबाईंकडे हताशपणे पाहिलं, चौडं भिंग चढवलं आणि लांबचं पेटीत ठेवून झाकण लावलं. गिरिजाबाईंना वाटलं, ती पेटी हिसकावून घ्यावी आणि या माणसाला बुरुजावरच सोडून जावं. इतका राग त्यांना लेक गेली त्या दिवशीही आला नव्हता.

चन्नबसप्पा काळ्या कापडात डोकं घालणार, तेवढ्यात वीरप्पा उठले.

"थांब. हितून न्हवं. उचल तिपाई."

त्यांनी गाठोडं काखेत मारलं आणि नदीवरच्या बंधाऱ्याकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरायला लागले. घाईत गाठोड्याची गाठ सुटली. आतून लाल काठाची एक चिमुकली कुंची डोकावली.

"अवो, कुठं निघालात?"

"पलीकडं. चौड्या भिंगाला जवळ जावं लागतंय, आत्ताच म्हनला न्हवं का त्यो? लांबच्यात ती दोघंच आली असती. आपुन कुठं मावणार हुतो?"

गिरिजाबाई कुंचीकडे बघत एक पायरी उतरल्या.

"पर... तुमची शपथ?"

वीरप्पांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"मोडतोय कोण? नदीला कुठं उंबरा असतोय?"